दोन गावांची आई

माझी आई १९३२ साली वसईत जन्मली आणि २०२२ साली नेर येथे वारली. या दोन गावांमधले अंतर आगगाडी आणि एस.टी. मिळून सुमारे सातशे किलोमीटरचे. एक गाव समुद्राच्या काठी, केळीच्या वाड्यांत दडलेले. दुसरे यवतमाळ जिल्ह्यातले, काळ्या मातीचे, कापसाचे आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी आकाशाकडे पाहणारे. नव्वद वर्षांच्या आयुष्यात आईने याहून कितीतरी लांबचे प्रवास केले. तिने रोम पाहिले, गालील समुद्राचा किनारा पाहिला, उतारवयात ती जपानपर्यंत जाऊन आली. परंतु तिच्या आयुष्याचा खरा प्रवास वसई ते नेर एवढाच होता, आणि तो पुरा व्हायला तिला पुष्कळ वर्षे लागली, असे मला वाटते. ती गेली त्या रात्री आम्हा भावंडांपुढे प्रथम जो प्रश्न उभा राहिला तो हाच: आई कोणत्या गावची? तिला कुठे ठेवायचे?

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कसे मिळाले, हे सांगण्यासाठी तिचे आयुष्य थोडेसे उलगडून सांगणे भाग आहे.

आईच्या माहेरी केळीची वाडी होती. पानवेली होत्या, मोगरा होता, विहिरीवर रहाट होता आणि वाडीच्या कडेला बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठे आणि उन्हाळ्यात वाडीला पुरे. तिची आजी लाल लुगडे नेसे. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या मुंबईला जात आणि संध्याकाळी घरात जपमाळ होई. घरची बोली कादोडी, चर्चमधली भाषा लॅटिन आणि शाळेतली मराठी; तीन भाषांत ती लहानाची मोठी झाली. मुलींना फार शिकवण्याची रीत तेव्हा नव्हती. तरी आमच्या आजोबांनी तिला सातवीपर्यंत शिकवले, व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसवले आणि पुढे शिक्षिकेच्या प्रशिक्षणालाही पाठवले. "पोरीला वाडी देता येणार नाही, निदान विद्या तरी देऊ," असे ते म्हणत. आईने हे वाक्य आम्हांला अनेकदा ऐकवले, आणि दरवेळी ते ऐकवताना तिच्या आवाजात अभिमान आणि किंचित रुखरुख असे दोन्ही असे.

१९५५ साली तिचे लग्न झाले. बाबा मुंबईच्या एका कापूस-पेढीत कारकून होते आणि पेढीने त्यांना वऱ्हाडात खरेदीच्या कामावर पाठवले होते. नवी नवरी मुंबईहून निघाली ती दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला उतरली. तिथून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी तिने धरली. पुढे सगळा महाराष्ट्र जिला 'शकुंतला' म्हणून ओळखू लागला तीच ही गाडी. ब्रिटिश कंपनीने टाकलेल्या त्या रुळांवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. आता तीही थांबली आहे. आई सांगे, गाडी इतकी हळू जाई की उतारू मध्येच उतरून बोरे तोडीत आणि पुन्हा डब्यात येऊन बसत. दारव्ह्याला उतरून पुढे बैलगाडीने ती नेरला पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. ज्या मुलीने आजवर कापूस फक्त गादीत पाहिला होता, तिला ते शेत पाहून वाटले की कुणीतरी मैलोगणती मोगरा पेरला आहे.

तेव्हा नेर मध्य प्रदेशात होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. "घराचा उंबरठा न ओलांडता मी तीन राज्यांत संसार केला," असे ती हसून म्हणे. तिच्या लग्नाच्या वर्षीच, १९५५ साली, नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. वसईत जिथे चालत दहा मिनिटांवर चर्च, तिथून ती अशा गावी आली होती की नाताळच्या मिस्सेसाठी अमरावती गाठावी लागे. आदल्या दिवशी एस.टी.ने निघायचे, ओळखीच्या घरी मुक्काम करायचा, मध्यरात्रीची मिस्सा ऐकायची आणि सकाळच्या गाडीने परतायचे. कधीकाळी एखादे फादर फिरतीवर येत आणि आमच्या घरी टेबलावर पांढरी चादर अंथरून मिस्सा होई. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून शांतपणे पाहत. आई त्यांना आत बोलावी आणि बसायला सतरंजी देई.

पहिली काही वर्षे तिला गाव परके वाटले यात नवल नाही. भाषा मराठीच, पण शब्द निराळे. बाजारात तिने पहिल्यांदा कोथिंबीर मागितली तेव्हा भाजीवाली गोंधळून तिच्याकडे पाहत राहिली. आईने बोटाने जुडी दाखवली. "बाई, सांबार म्हना नं!" भाजीवाली म्हणाली. सांबर म्हणजे जंगलातले जनावर एवढेच आईला ठाऊक होते. ती जुडीकडे आणि भाजीवालीकडे आळीपाळीने पाहू लागली, आणि दोघी खळखळून हसल्या. त्या संध्याकाळी तिने बाबांच्या पेढीच्या एका कोऱ्या खतावणीत तीन रकाने आखले: कादोडी, वऱ्हाडी, पुस्तकी. कोथिंबिरीपुढे तिने सांबार लिहिले, टोमॅटोपुढे भेदरं, शेतापुढे वावर, 'का'पुढे काऊन. ही वही ती पुढे साठ वर्षांहून अधिक काळ चालवीत राहिली. तिचे हे शब्द गोळा करणे एखाद्या पंडिताचे नव्हते. नव्या घरात आलेली सून जशी भांड्यांची जागा लक्षात ठेवते, तसे ते होते.

१९५८ साली ती गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेली. आईचा वर्ग मात्र तोच राहिला. पहिली ते चौथी, कधी एका खोलीत दोन इयत्ता, कधी निंबाखाली तीन. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असे. आई रागावत नसे. संध्याकाळी कंदील घेऊन घरोघर जाई आणि चुकलेला धडा तिथेच, चुलीपुढे बसून घेई. मुले तिला 'बाई' म्हणत, हळूहळू सारे गाव तिला 'बाई' म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर आमचे बाबाही इतरांपुढे तिचा उल्लेख 'आमच्या बाई' असाच करीत. पोळ्याला आमच्या दारी बैलजोड्या थांबत. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढीत पोरे येत आणि आई प्रत्येकाच्या हातावर खाऊ आणि एकेक पेन्सिल ठेवी. नाताळात तीच पोरे आमच्या घरचा गोठा बघायला येत. त्या गोठ्यातले बैल तान्ह्या पोळ्याचे असत, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटे.

आईचा सुसंस्कृतपणा म्हणतात तो असा दैनंदिन व्यवहारात मुरलेला होता. तिच्याजवळ पुस्तके थोडी होती, पण ती तिने अनेकदा वाचलेली. त्यांत दोन पुस्तकांना मानाचे स्थान होते. एक फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने १०,९६२ ओव्यांचे महाकाव्य रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ती बाबांनी आईला पुण्याहून मागवून दिली होती. उपवासकाळात दुपारी ती त्यातल्या ओव्या चालीवर म्हणे. शेजारच्या काकूंच्या घरी ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन असे. एके दिवशी त्या ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे तं आमच्याच चालीवर हाये!" त्यानंतर कित्येक वर्षे त्या दोघींनी एकमेकींची ओवी ऐकली. कोण कुणाच्या धर्मात शिरले, असा प्रश्न दोघींपैकी कुणालाही पडला नाही.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. हे तर तिने वाड्यातल्या बायकांना दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवले असेल. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेली, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली, जुजबी अक्षरओळख असलेली एक मुलगी. पतीने धर्म बदलला तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. पुढे ती स्वतःच्या विचाराने त्याच्यामागे गेली, अनाथ मुलांची आई झाली, नागपूर, राजनांदगाव, नगर, मुंबई असे करीत थेट कराचीपर्यंत फिरली आणि आयुष्याच्या अखेरीस मराठीतले एक अजोड आत्मचरित्र लिहून गेली. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघाले. चौथा भाग पुरा होण्याआधीच, १९३६ साली, लक्ष्मीबाई वारल्या आणि तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला. आई वाचता वाचता थांबे आणि म्हणे, "बघा, बाईला कुणी शिकवलं नाही तरी ती लिहिते. तुम्हांला तर मी शिकवते आहे." तिच्या त्या श्रोत्यांपैकी तिघीचौघी चाळिशीनंतर सही करायला शिकल्या. त्यांतल्या एकीने आपल्या मुलीला लिहिलेले पहिले पोस्टकार्ड आईने टाकायला नेले होते. ते पेटीत टाकण्याआधी दोघींनी मिळून तीनदा वाचले.

आईचा पहिला मोठा प्रवास १९६४ सालचा. मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली होती आणि २ डिसेंबर रोजी पोप सहावे पॉल तिथे येणार होते. भारतात आलेले ते पहिलेच पोप. शाळेतून रजा काढून, मला कडेवर आणि थोरल्याला बोटाशी धरून आई निघाली. ओव्हल मैदानावरच्या गर्दीत तिला पोप एवढेसे पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसले. त्याहून तिच्या लक्षात राहिली ती पुढे वर्तमानपत्रांत आलेली हकीकत. जाताना पोप महोदयांनी आपल्या वापरासाठी आलेली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी ती कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी सोडतीत काढली. ही हकीकत ती शाळेत सांगे आणि शेवटी मुलांना विचारी, "मोटार मिळाली तर तुम्ही काय कराल?" एका मुलाने उत्तर दिले, "बाई, मी तिले नांगर लावीन." हे उत्तर आईने वहीत लिहून ठेवले आहे, तारखेसकट.

त्याच सुमारास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली. लॅटिनमध्ये पाठ केलेल्या प्रार्थना तिच्या शेवटपर्यंत मुखोद्गत होत्या, परंतु बदलाचे तिने मनापासून स्वागत केले. "आता दारात उभ्या असलेल्या बायांनाही कळेल," एवढेच ती म्हणाली.

१९९० साली ती निवृत्त झाली आणि १९९२ साली बाबा गेले. वसईहून मामा आले. आजोबांच्या वाडीतला एक तुकडा त्यांनी बहिणीसाठी राखून ठेवला होता. "आता इथं कोण आहे तुझं? घरी चल," ते म्हणाले. आम्हा भावंडांनाही तसेच वाटत होते. आई तीन महिने वसईला राहून आली. ते दिवस वसईच्या कसोटीचे होते. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या, विहिरींत खारे पाणी शिरत होते आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू हरित वसईसाठी लोकांसोबत उभे होते. आईचे मन तिथे गुंतले नसते तरच नवल. तरीही ती परत आली. मामांना तिने काय सांगितले ते मी ऐकले आहे. "दादा, इथं मी तुझी बहीण आहे. तिथं मी बाई आहे. बहीण मी कुठूनही राहीन, पण बाई तिथंच राहावं लागतं." वाडीचा तुकडा तिने मामांच्या मुलांच्या नावे केला आणि एकच अट घातली, बावखल बुजवायचे नाही. मामेभावांनी ती अट आजवर पाळली आहे.

निवृत्तीनंतरच तिचे खरे भ्रमण सुरू झाले. १९९४-९५ च्या पवित्र अवशेष-दर्शनाच्या वेळी ती जुन्या गोव्याला गेली; वेलंकनीला दोनदा जाऊन आली. साठवलेल्या निवृत्तिवेतनातून आणि थोरल्या भावाच्या मदतीने २००० सालच्या जयंतीवर्षात ती यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर रोम आणि पवित्र भूमीला गेली. सेंट पीटर्सच्या पवित्र दारातून ती आत गेली, मायकेलअँजेलोची 'पिएता' तिने पाहिली आणि त्यावर वहीत एकच ओळ लिहिली: "मांडीवरच्या मुलाचे ओझे आईच्या खांद्यांत दिसते." पण गावात परतल्यावर तिने वर्णन केले ते रोमच्या नळांचे. तिथे रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे छोटे खांबनळ आहेत आणि त्यांतून पाणी रात्रंदिवस वाहत असते. "एवढं पाणी वाहतं आणि कुणी खाली बादलीसुद्धा लावत नाही!" हे ऐकून नेरच्या बाया ज्या आश्चर्याने एकमेकींकडे पाहत, तसे आश्चर्य त्यांना बॅसिलिकाच्या घुमटाचे वाटले नाही. गालील समुद्राच्या काठी मात्र आईला रडू आले. तिथे केळीच्या बागा आहेत. गटातल्या लोकांना वाटले की प्रभूच्या पाऊलखुणांनी तिचे मन भरून आले असेल. तसेही असेल. पण मला तिने सांगितले, "अगं, वाऱ्यानं पानं फाटतात ना, तो आवाज अगदी आपल्या वाडीचा होता."

परतल्यानंतरची काही वर्षे आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातली फार काळी वर्षे होती. कापसाचा खर्च वाढत होता, भाव पडत होता, पाऊस दगा देत होता आणि यवतमाळचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत येऊ लागले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. २००५ साली आईच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कीटकनाशक प्यायले. ज्याने मोटारीला नांगर लावीन म्हटले होते, तोच तो. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. ती त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोजवळ बसली आणि दोन तास एक शब्दही बोलली नाही. कर्ज सावकाराचे होते आणि त्याला कागद नव्हता. त्यामुळे मदतीचे प्रकरण 'अपात्र' ठरले. पुढच्या वर्षी, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधानांनी विदर्भासाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. आईने ती बातमी त्या बाईला वाचून दाखवली नाही. ती दर रविवारी दुपारी तिच्या घरी जात राहिली. तिच्या दोन मुलांचा अभ्यास घेई, तिच्या कापसाच्या पट्टीवरचे आकडे तपासून देई आणि येताना तिच्या हातचा कोरा चहा पिऊन येई. मी एकदा विचारले, "आई, तू तिला प्रार्थनेविषयी काही सांगतेस का?" आई म्हणाली, "मी जाते ना, ती हीच." असा तिचा आठवड्याचा नेम अकरा वर्षे चालला, धाकटा मुलगा पायावर उभा राहीपर्यंत. प्रवासाला निघण्यापूर्वीही ती त्या घरी निरोप सांगून जाई.

शेवटचा मोठा प्रवास २००८ सालच्या थंडीतला. थोरल्या भावाचा मुलगा तेव्हा जपानमध्ये फुकुओकाला नोकरी करीत होता. "आजी, तुला क्योतो दाखवतो, फुजी पर्वत दाखवतो," तो म्हणाला. आईने एकच मागणे केले: नागासाकी. वसईच्या मुलीला नागासाकी का पाहायचे असते, हे वसईकर वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारानिमित्त जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून काम करू लागले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद दिले आणि त्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, त्या टेकडीवर सव्वीस ब्राँझ मूर्तींचे स्मारक उभे राहिले.

स्टेशनापासून टेकडी जवळच आहे, तरी चढ आहे. आई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून थांबत थांबत वर गेली. त्या सव्वीस जणांत काही कोवळी मुलेही होती. सर्वांत लहान बारा वर्षांचा. मूर्तींच्या ओळीत त्या बुटक्या आकृती चटकन ओळखू येतात. नातू सांगतो की आजीने आधी मुले मोजली, मग गोन्सालो कोणते ते विचारले, आणि मग ती कादोडीत काहीतरी पुटपुटली. त्याला कादोडी येत नाही. त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला म्हटलं, बाबा, तू किती लांब आलास! पण तिथली भाषा शिकलास, ते बरं केलंस." दुसऱ्या दिवशी तिने उराकामीचे कॅथीड्रल पाहिले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने ते उद्ध्वस्त झाले होते आणि १९५९ साली पुन्हा उभे राहिले. त्या आगीतून वाचलेले पवित्र मरियेच्या पुतळ्याचे केवळ मस्तक तिथे जपून ठेवले आहे. डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या आहेत. आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. वहीत त्या दिवसापुढे मजकूर नाही. फक्त तारीख आहे आणि त्याखाली नेरच्या त्या रविवारच्या घरातील बाईचे नाव आहे.

पुढे गुडघे दुखू लागले आणि प्रवास थांबला. वाचन मात्र थांबले नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांना मिळाले. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई दूरदर्शन संचासमोर नवे पातळ नेसून बसली होती. शेजारच्या काकू केव्हाच निवर्तल्या होत्या. त्यांची सून येऊन बसली. "फादर आमच्या वसईचे," आई तिला म्हणाली. माझ्या आठवणीत 'आमच्या वसईचे' असे तिने म्हटलेले ते शेवटचेच.

२०२२ च्या फेब्रुवारीत, पहाटे, झोपेतच ती गेली. आणि मग तो प्रश्न आला. थोरल्या भावाचे म्हणणे, आईला वसईला न्यावे. आजीआजोबांच्या शेजारी, जिथे तिचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या आवारात. सातशे किलोमीटरचा प्रवास, पण शववाहिका मिळते. धाकट्या बहिणीला वाटत होते की बाबा यवतमाळच्या दफनभूमीत आहेत, तर आईनेही तिथेच असावे. दोघांचे म्हणणे रास्त होते आणि दोघांच्याही आवाजाला धार येऊ लागली होती. आईने याविषयी काहीच लिहून ठेवले नव्हते. बोलणे चालू असतानाच अंगणात माणसे जमू लागली. कोट घातलेले, धोतर नेसलेले, शाळेच्या गणवेशातले, फेटा बांधलेले, टोपी घातलेले. रविवारच्या घरची बाई आपल्या धाकट्या मुलासोबत आली. तो आता शिक्षक आहे. तो भावाजवळ गेला आणि म्हणाला, "दादा, बाईंना कुठं न्यायचं ते तुम्ही ठरवा, तुमचा हक्क आहे. आम्ही फक्त विचारायला आलो, आमच्या खांद्यावर कुठवर देता?"

भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने वसईला फोन लावला. मामेभाऊ रात्रीच्या गाडीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला उतरून आला. त्याच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. तीत बावखलाच्या काठची माती होती. यवतमाळच्या दफनभूमीत आम्ही सर्वांनी मूठ मूठ माती वाहिली, तेव्हा ती काळ्या मातीत मिसळली. वसईची माती तांबूस दिसते, असे बहीण म्हणाली. दगडावर गावाचे नाव काय घालायचे, असे कारागिराने विचारले तेव्हा भावानेच सांगितले: वसई–नेर. एस.टी.च्या पाटीवर लिहितात तसे.

आईची वही आता माझ्याकडे आहे. तिचे तीन रकाने बहुतेक भरलेले आहेत, परंतु काही घरे मोकळी आहेत. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, या वऱ्हाडी शब्दापुढे कादोडीचा रकाना रिकामा आहे, कारण वसईत कापूस नाही. बावखल या शब्दापुढे वऱ्हाडीचा रकाना रिकामा आहे; त्यासाठी आमच्याकडे पाणी हवे. अशी रिकामी घरे बरीच आहेत आणि ती सगळीच अशी कायमची रिकामी राहायची नसावीत. कित्येक ठिकाणी तिला शब्द आठवला नसेल, किंवा विचारायला कुणी राहिले नसेल. वसईकडच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कादोडी बोलणारी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांना मी या रकान्यांची यादी पाठवू इच्छिते. त्यांनी उत्तरे कळवली तर वहीत ती त्यांच्या नावासह लिहीन. कादोडीच्या त्या रकान्यात आजवर फक्त आईचे अक्षर आहे. त्याखाली दुसऱ्या कुणाचे अक्षर आले, तर तिला आनंदच वाटला असता.